टीव्हीची किंमत एकदा, खर्च सात वर्षं

नवा टीव्ही घ्यायचं ठरलं की घरात दोनच प्रश्न निघतात : किती इंची आणि कितीला? दुकानदारही या दोन प्रश्नांभोवतीच बोलतो, कारण त्याचा व्यवहार बिल फाडलं की संपतो. तुमचा तिथून सुरू होतो. टीव्ही घरात सहा-सात वर्षं तरी राहतो. तेवढ्या काळातली वीज, चॅनेलची वर्गणी, भिंतीवरचा स्टँड, व्होल्टेजपासूनचं संरक्षण आणि एखादी दुरुस्ती यांची बेरीज केली, तर बऱ्याच घरांत ती टीव्हीच्या किमतीच्या पुढे जाते. म्हणून खरेदीचा हिशेब सात वर्षांचा मांडावा, आणि हातातले पैसे जी गोष्ट नंतर बदलता येत नाही तिच्यावर आधी लावावेत. टीव्हीत ती गोष्ट म्हणजे पडदा, अर्थात पॅनेल. बाकी जवळजवळ सगळं पुढे वेगळं जोडता येतं.

खाली दिलेले भाव २०२५च्या अखेरच्या बाजारातले, ढोबळ आहेत. सणाच्या सेलमध्ये ते खाली येतील, मॉडेलनुसार वर जातील. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

आधी टेप, मग दुकान

दुकानाच्या मोठ्या दालनात ५५ इंची टीव्ही लहान दिसतो आणि घरी आणल्यावर भिंत व्यापतो. म्हणून निघण्यापूर्वी घरी दोन मापं घ्या. पहिलं माप बसायच्या जागेपासून भिंतीपर्यंतचं अंतर. ते इंचांत मोजून १.६ने भागलं की सिनेमा आणि क्रिकेटसाठी योग्य आकार मिळतो, २ने भागलं की बातम्या-मालिकांसाठी पुरेसा आकार मिळतो. सहा फूट अंतर म्हणजे ७२ इंच : उत्तर ३६ ते ४५, म्हणजे ४३ इंची टीव्ही. सात फुटांना ४२ ते ५२, म्हणजे ४३ किंवा ५०. साडेआठ फुटांना ५१ ते ६४, म्हणजे ५५, आणि हौस असेल तर ६५.

दुसरं माप भिंतीच्या किंवा युनिटच्या रुंदीचं. टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजतात. प्रत्यक्ष रुंदी ४३ इंचीची सुमारे ९५ सेंटिमीटर, ५५ इंचीची १२२ आणि ६५ इंचीची १४४ सेंटिमीटर भरते. जुन्या लाकडी शोकेसमध्ये टीव्ही बसवायचा असेल तर दोन्ही बाजूंना आणि वर हवा खेळायला चार बोटं जागा सोडावी लागते, तीही मोजा.

आणखी एक गोष्ट आकार ठरवताना विचारात घ्या. केबल किंवा डीटीएचवर बरेच चॅनेल अजून साध्या, म्हणजे एसडी दर्जाचे येतात. ते मोठ्या पडद्यावर ताणले जातात आणि चेहरे पुसट दिसतात. घरात दिवसभर एसडी चॅनेलच लागत असतील तर हिशेबात बसणाऱ्या दोन आकारांपैकी लहान आकार घ्या. चित्रही बरं दिसेल आणि पैसेही वाचतील.

प्लाझ्मापासून ओएलईडीपर्यंत

सपाट पडद्याचा टीव्ही पहिल्यांदा लोकांच्या मनात बसला तो प्लाझ्माच्या रूपात. हे तंत्र १९६४मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जन्मलं. काचेच्या दोन तक्त्यांमधल्या बारीक कप्प्यांत वायू भरायचा, विजेनं तो पेटवायचा आणि त्यातून निघालेल्या अतिनील किरणांनी रंगीत फॉस्फर उजळवायचा, अशी त्याची रचना. १९९७च्या सुमारास ४२ इंची प्लाझ्मा बाजारात आले. प्रत्येक ठिपका स्वतः उजळत असल्यानं काळा रंग गडद दिसे, पळत्या खेळाडूमागे चित्र फरफटत नसे आणि बाजूला बसलेल्यालाही रंग तेच दिसत. हे गुण खरे होते आणि चांगल्या टीव्हीची कसोटी आजही हेच गुण आहेत.

प्लाझ्मा मागे पडला तो वजन, उष्णता आणि विजेमुळे. पन्नास इंची संच सहज ३०० वॉट ओढी. ठिपके लहान करून ४के पडदा बनवणं त्यात महाग पडे. पॅनासॉनिकनं २०१३मध्ये उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, सॅमसंग आणि एलजीनं २०१४मध्ये. म्हणजे आज कोणी वापरलेला प्लाझ्मा स्वस्तात देत असेल तर तो किमान दहा वर्षं जुना आहे. त्याचा पडदा आणि बोर्ड नवे मिळत नाहीत, आणि सध्याच्या एलईडी टीव्हीच्या दुप्पट-तिप्पट वीज तो खातो. तो फुकट मिळाला तरी महागच पडेल.

आज दुकानात जे आहे ते पुढील चार प्रकारांत मोडतं.

एलईडी. हा मुळात एलसीडी टीव्ही, मागून एलईडी दिव्यांनी उजळलेला. सर्वांत स्वस्त. मागचे दिवे सतत सुरू असल्यानं अंधाऱ्या दृश्यात काळा रंग राखाडी दिसतो.

क्यूएलईडी. हाही एलसीडीच, पण दिवे आणि पडदा यांमध्ये रंग शुद्ध करणाऱ्या क्वांटम डॉट्सचा थर असतो. रंग भरदार दिसतात, काळ्यात फारसा फरक पडत नाही.

मिनी एलईडी. मागचे दिवे खूप लहान आणि शेकडो-हजारोंच्या संख्येनं, गटागटानं मंद-तेज होणारे. काळा रंग बराच सुधारतो आणि उजेडही भरपूर मिळतो. लख्ख उजेडाच्या हॉलसाठी ही सर्वांत समजूतदार निवड आहे.

ओएलईडी. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. प्लाझ्माचे गुण हवे असतील तर त्याचा खरा वारस हाच. दोन मर्यादा लक्षात ठेवा : भर उन्हाच्या खोलीत तो मिनी एलईडीइतका तेजस्वी वाटत नाही, आणि वृत्तवाहिनीची तळपट्टी किंवा लोगो वर्षानुवर्षं तासन् तास एकाच जागी राहिला तर त्याचा कायमचा ठसा उमटू शकतो. ज्यांच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्यांचा एकच चॅनेल सुरू असतो, त्यांनी ओएलईडी घेऊ नये.

एलसीडी प्रकारांत पॅनेलच्या दोन जाती आहेत आणि हा प्रश्न विक्रेत्याला आवर्जून विचारावा. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, पण बाजूनं पाहिलं की रंग फिके पडतात. आयपीएस पॅनेल बाजूनंही नीट दिसतं, अंधारात मात्र काळा रंग राखाडी होतो. समोरासमोर सोफा असेल तर व्हीए. लांबट खोलीत, कोणी खाली, कोणी पलंगावर, कोणी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत असेल तर आयपीएस.

सध्याचे भाव

* ३२ इंची एचडी रेडी एलईडी : ८,००० ते १५,००० रुपये
* ४३ इंची ४के एलईडी : १८,००० ते ३५,००० रुपये
* ५५ इंची ४के एलईडी : २८,००० ते ५५,००० रुपये
* ५५ इंची क्यूएलईडी : ३५,००० ते ७०,००० रुपये
* ५५ इंची मिनी एलईडी : ५०,००० ते १ लाख रुपये
* ५५ इंची ओएलईडी : ९०,००० ते दीड लाख रुपये

एकाच रांगेत दुपटीचा फरक दिसतो, त्यामागे तीन कारणं असतात : पडद्याची प्रत, कंपनीचं सर्व्हिसचं जाळं आणि नुसतं नाव. पहिल्या दोन कारणांसाठी जास्त पैसे द्यावेत, तिसऱ्यासाठी देऊ नयेत.

करातही बदल झाला आहे. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५पासून तो १८ टक्के झाला. लहान टीव्हींवर २०१९पासून १८ टक्केच आहे. करासह ५०,००० रुपयांना मिळणारा मोठा टीव्ही या बदलानं सुमारे ४६,१०० रुपयांवर यायला हवा. जुन्या छापील किमतीवर ‘दहा टक्के सूट’ म्हणून दाखवलेली रक्कम ही करकपातच तर नाही ना, हे बिलावरची मूळ किंमत आणि कर वेगवेगळे पाहून तपासा.

खोक्यावरचे शब्द

‘४के’ म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके. ४३ इंच आणि त्यावरच्या आकारात ४के घ्यावं, कारण आता फुल एचडीशी किमतीतला फरक फार उरलेला नाही. ३२ इंचीत एचडी रेडी चालतं, शक्य असेल तर फुल एचडी घ्या. ८के पडद्यावर दाखवण्यासारखं जवळजवळ काहीच आपल्या घरात येत नाही, त्यावर पैसे घालू नयेत.

‘एचडीआर’ हा शब्द स्वस्तातल्या स्वस्त टीव्हीवरही छापलेला असतो. त्याचा अर्थ टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो, एवढाच. तो परिणाम प्रत्यक्ष दिसायला पडद्याचं तेज लागतं आणि ते ‘निट्स’मध्ये मोजतात. तीनशे निट्सच्या आसपासच्या पडद्यावर एचडीआर नावापुरतंच उरतं. सहाशेच्या पुढे फरक जाणवू लागतो. कंपनीनं आकडा दिला नसेल तर तो कमी आहे असं समजून चाला.

‘१२० हर्ट्झ’ म्हटलं की पडदा खरोखर सेकंदाला १२० वेळा चित्र बदलतो की फक्त सॉफ्टवेअरची युक्ती आहे, हे विचारा. गेमिंग कन्सोल असलेल्या घरात खरा १२० हर्ट्झ पडदा आणि एचडीएमआय २.१ची खाच उपयोगी पडते. बाकीच्यांना ६० हर्ट्झ पुरतं.

‘स्मार्ट’ भागावर जास्त पैसे घालू नका. दोन जीबी रॅम असलेला टीव्ही ठीक चालतो, एक जीबीचा अडखळतो. तीन-चार वर्षांनी बहुतेक टीव्हींचं सॉफ्टवेअर मंदावतं, नवी ॲप्स येणं थांबतं. तेव्हा तीन ते पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक मागच्या खाचेत बसवली की तोच टीव्ही पुन्हा वेगानं चालतो. निकृष्ट पडदा मात्र अशा कोणत्याही स्टिकनं सुधारत नाही.

दुकानात काय करावं

दुकानातला टीव्ही भडक रंगांच्या ‘व्हिव्हिड’ मोडवर असतो आणि त्यावर कंपनीची चकचकीत फिल्म चालू असते. त्यावरून काही ठरवू नका. पेनड्राइव्हवर तुमच्या पाहण्यातला एखादा व्हिडिओ न्या, ज्यात रात्रीचं दृश्य, माणसांचे चेहरे आणि वेगानं फिरणारा कॅमेरा आहे. विक्रेत्याला चित्र ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ मोडवर ठेवायला सांगा. मग चार गोष्टी पाहा : काळे केस आणि काळे कपडे यांतला फरक दिसतो का, त्वचेचा रंग खरा वाटतो का, चेंडूमागे शेपूट उमटतं का, आणि चार पावलं बाजूला सरकल्यावर चित्र किती बदलतं. त्यानंतर आवाज वाढवून संवाद ऐका. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, संवाद दबतात. घरात वयस्क मंडळी असतील तर ही तपासणी चित्राइतकीच महत्त्वाची आहे.

टीव्हीवर बीआयएसची खूण आणि ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून जागेवर तपासता येतो. अनोळखी नावाच्या, अर्ध्या किमतीच्या संचाबाबत ही तपासणी कधीही वगळू नये.

ऑनलाइन मागवत असाल तर खोका उघडून दाखवण्याची सोय असलेली डिलिव्हरी निवडा. पडदा सुरू करून पाहिल्याशिवाय ओटीपी देऊ नका आणि खोका उघडतानाचं चित्रण मोबाइलवर ठेवा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत मोठा टीव्ही चढवताना तो उभाच धरायला सांगा. आडवा धरला तर पडद्याला पीळ बसतो. तडा गेलेला पडदा वॉरंटीत येत नाही.

टीव्हीबरोबर येणारे खर्च

भिंतीवरचा साधा स्टँड ५०० ते १,००० रुपयांना मिळतो, वाकणारा-फिरणारा १,५०० ते ३,०००ला. ‘इन्स्टॉलेशन मोफत’ असतं तेव्हाही स्टँडचे पैसे बहुधा वेगळे लागतात; हे खरेदीपूर्वीच लिहून घ्या. पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मुंबईतला लॅमिंग्टन रोड जवळ असेल तर स्टँड आणि एचडीएमआय केबल तिथून स्वस्तात आणता येते. स्टँडच्या भोकांमधलं अंतर तुमच्या टीव्हीच्या पाठीमागच्या मापाशी जुळतंय ना, तेवढं पाहून घ्या. भिंत कशाची आहे हे कारागिराला आधी सांगा. चिऱ्याच्या, पोकळ ब्लॉकच्या किंवा जिप्समच्या भिंतीत विटांच्या भिंतीचे स्क्रू धरत नाहीत.

टीव्ही फार वर लावू नका. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला हवा : सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी जमिनीपासून साधारण साडेतीन फूट, भारतीय बैठक असेल तर त्याहून खाली. छताजवळ लावलेल्या टीव्हीनं मान तर दुखतेच, व्हीए पॅनेलचे रंगही खालून पाहताना फिके दिसतात.

आताचे बहुतेक संच १०० ते २४० व्होल्टमध्ये चालतात, त्यामुळे कमी दाबाला ते सहसा घाबरत नाहीत. संच जळतात ते अचानक वाढलेल्या दाबानं. वादळात खांबावरची न्यूट्रल तार तुटली की घरात दुपटीच्या जवळपास दाब येऊ शकतो, आणि पावसाळ्यात वीज कडाडली की केबल किंवा डिशच्या तारेतूनही झटका शिरतो. कोकणात, घाटमाथ्यावर आणि जिथे वीज वारंवार जाते-येते त्या गावांत जादा दाबाला पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर घ्यावाच; १,५०० ते ३,५०० रुपये पडतात. घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर डिशची तारही काढून ठेवा.

साउंडबार ५,००० ते १५,००० रुपयांत मिळतो. तो पहिल्या दिवशी घेऊ नका. महिनाभर टीव्ही पाहा, संवाद खरंच ऐकू येत नसतील तर मग घ्या.

विजेचं बिल

हिशेब सोपा आहे. टीव्हीच्या मागे लिहिलेले वॉट गुणिले रोजचे तास भागिले १,००० म्हणजे रोजचे युनिट. वीज १० रुपये युनिट धरली आणि टीव्ही रोज पाच तास चालला, तर ७० वॉटचा ४३ इंची टीव्ही वर्षाला सुमारे १,२८० रुपये खातो, १२० वॉटचा ५५ इंची सुमारे २,१९० रुपये आणि ३०० वॉटचा जुना प्लाझ्मा सुमारे ५,४७५ रुपये.

तुमच्या घरचा खरा दर बिलावरून काढा. महावितरणचा दर टप्प्यांनी वाढतो आणि त्यावर वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क चढतं. नव्या टीव्हीचे युनिट तुमच्या सध्याच्या वापराच्या वर जमा होतात, म्हणजे ते सर्वांत महागड्या टप्प्यातले असतात. शंभर युनिटच्या आत राहणाऱ्या घराला मोठा टीव्ही वरच्या टप्प्यात नेऊ शकतो. बीईईच्या ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाचे युनिट दिलेले असतात. एकाच आकाराचे दोन टीव्ही त्या आकड्यावर तोलून पाहा. घरी आल्यावर पडद्याचं तेज गरजेइतकं कमी केलं तर वीज वाचते आणि मागच्या दिव्यांचं आयुष्यही वाढतं.

चॅनेल आणि ओटीटी

टीव्हीच्या किमतीखालोखाल सात वर्षांतला सर्वांत मोठा खर्च बहुतेक घरांत इथेच होतो आणि खरेदीच्या दिवशी त्याचा विचारच होत नाही. महिन्याला ३०० रुपयांची केबल किंवा डीटीएच म्हणजे सात वर्षांत २५,२०० रुपये. यात ४३ इंची टीव्ही येतो. वर्षातून एकदा चॅनेलची यादी काढून न पाहिलेले पॅक बंद करा. फक्त बातम्या, मराठी कार्यक्रम आणि जुने चित्रपट पुरत असतील तर दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशला मासिक वर्गणी नाही. डिश आणि बॉक्सचा एकदाचाच खर्च आहे. सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते.

ओटीटीवर ४के पाहायचं असेल तर वरचा प्लॅन लागतो. नेटफ्लिक्स २०२५मध्ये ४के चित्र महिन्याला ६४९ रुपयांच्या प्लॅनमध्येच देत होतं आणि त्यासाठी १५ एमबीपीएस वेगाची शिफारस करतं. एवढा वेग किंवा हा प्लॅन घरात येणार नसेल, तर महागड्या पडद्यावर खर्च करण्यापूर्वी पुन्हा विचार करा.

‘नो कॉस्ट’ हप्ते

रिझर्व्ह बँकेनं २०१३मध्येच बँकांना सांगितलं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज किमतीत किंवा शुल्कात लपलेलं असतं. म्हणून दुकानात आधी एकच प्रश्न विचारा : ‘आत्ता पूर्ण पैसे दिले तर शेवटची किंमत काय?’ समजा उत्तर ४५,००० आलं आणि हप्त्यांत ४,००० रुपयांप्रमाणे बारा महिने, म्हणजे ४८,००० जाणार असतील, तर तुम्ही सुमारे १२ टक्के वार्षिक व्याज देत आहात. त्यावर प्रोसेसिंग फी असते. क्रेडिट कार्डावर व्याजाच्या रकमेवर जीएसटीही लागतो.

हप्ते घेणं वाईट नाही, दर माहीत नसताना घेणं वाईट. ऑक्टोबर २०२४पासून कर्ज देणाऱ्यानं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात सगळं शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद वाचल्याशिवाय सही करू नका. विमा किंवा वाढीव वॉरंटी न विचारता जोडली असेल तर तिथल्या तिथे काढायला लावा.

वॉरंटी आणि सर्व्हिस

‘दोन वर्षं वॉरंटी’ ऐकलं की विचारा : कशावर? ‘एक वर्ष पूर्ण, दुसरं वर्ष फक्त पॅनेल’ असं असेल तर दुसऱ्या वर्षी बोर्ड बिघडल्यास खर्च तुमचा. तंत्रज्ञ घरी येणार की टीव्ही सर्व्हिस सेंटरला न्यायचा, हेही विचारा. तालुक्याच्या गावी राहत असाल तर सर्वांत जवळचं सेंटर कुठे आहे ते शोधा आणि खरेदीपूर्वी तिथे स्वतः फोन करून पाहा. फोन उचलला जातो की नाही, यावरूनच बरंच कळतं.

बिघाडांचा खर्चही आधी माहीत असावा. मागचे दिवे गेले तर दुरुस्ती दोन-चार हजारांत होते आणि गावातला चांगला तंत्रज्ञही ती करतो. पॉवर बोर्डही दुरुस्त होतो. पडदा गेला तर मात्र नव्या टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च येतो, तेव्हा नवा घेणंच शहाणपणाचं. यावरून वाढीव वॉरंटीचा निर्णय करा : २५,०००च्या टीव्हीवर ती बहुधा परवडत नाही, ७०,०००च्या पुढच्या टीव्हीवर ती पॅनेलसकट असेल तरच घ्यावी. ती कंपनीची आहे की दुकानाची, हे बिलावर लिहून घ्या.

दोन घरांचा सात वर्षांचा हिशेब

पहिलं घर : ४३ इंची ४के एलईडी २६,००० रुपये, स्टँड १,०००, स्टॅबिलायझर २,०००, वीज ८,९६०, केबल २५,२००. एकूण ६३,१६० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ७५० रुपये.

दुसरं घर : ५५ इंची ओएलईडी १,१०,००० रुपये, स्टँड १,५००, स्टॅबिलायझर २,५००, साउंडबार १२,०००, पॅनेलसकट वाढीव वॉरंटी ६,०००, वीज १५,३३०, ब्रॉडबँड आणि ओटीटीचा वाटा महिन्याला ९०० रुपयांप्रमाणे ७५,६००. एकूण २,२२,९३० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे २,६५० रुपये.

दोन्ही हिशेब योग्य आहेत, घर वेगळं आहे. पहिल्या घरात टीव्हीची किंमत एकूण खर्चाच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि दुसऱ्या घरातही जवळपास निम्मीच. तुमचे आकडे याच क्रमानं कागदावर मांडा.

बिल, तक्रार आणि जुना टीव्ही

पक्कं बिल घ्या. त्यावर मॉडेल आणि सिरियल क्रमांक हवा, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख हवी. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी तुमचा हा हक्क काढून घेऊ शकत नाही.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा आणि क्रमांक जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग टीव्ही कुठूनही मागवलेला असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

जुना टीव्ही भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं आणि ते फोडणाऱ्या माणसाच्या अंगात आणि मातीत जातं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि वापरून झालेल्या संचांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. एक्स्चेंजमध्ये द्या किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्या. एक्स्चेंजची रक्कम नव्या टीव्हीच्या किमतीत आधीच चढवलेली नाही ना, हे जुना टीव्ही न देता भाव विचारून पाहा.

सेलच्या गर्दीत निर्णय घाईनं होतो, म्हणून तो घरी, एका कागदावर करून निघा. त्यावर पाच ओळी असाव्यात : आकार, पॅनेलचा प्रकार, रोखीतली कमाल किंमत, जवळचं सर्व्हिस सेंटर आणि सात वर्षांची बेरीज. दुकानात कोणी यांतली एखादी ओळ बदलायला लावत असेल, तर त्या बदलानं शेवटच्या ओळीत किती भर पडते ते आधी लिहा आणि मगच हो म्हणा.